बारा फुटी ब्रेकर : कॉलनीच्या रस्त्याच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

वही आजपासून सुरू. सकाळी मारुतीच्या ओट्यावर बैठक झाली. गुरुवारी संध्याकाळी सातवीतली एक मुलगी सायकल घेऊन गेटाबाहेर पडली आणि क्लासवरून येणाऱ्या स्कूटीने तिला उडवलं. मनगटाचं हाड मोडलं. स्कूटीवरचा पोरगा सोळा वर्षांचा, आपल्याच मागच्या ओळीतला. दोन्ही घरांचं येणं-जाणं आहे म्हणून तक्रार झाली नाही, आवाज मात्र चढले.

बैठकीत तीन मतं पडली. आणखी ब्रेकर टाका. जो आहे तो आधी फोडा. दोन्ही टोकांना लोखंडी गेट बसवा. गेटवाल्यांना मीच थांबवलं. रस्ता पालिकेकडे हस्तांतरित झालेला आहे, त्याला कुलूप लावायचा आपल्याला हक्क नाही.

मी पाटबंधाऱ्यातून निवृत्त. आयुष्य चाऱ्या आणि मोऱ्यांत गेलं, रस्ता हे माझं काम नव्हे. पण लेव्हल, दोरी आणि वही हाताशी आहे, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. अट घातली की मोजल्याशिवाय काही बांधायचं नाही. सचिवभाऊंनी लगेच मान डोलावली. पटलं म्हणून की चहा गार होत होता म्हणून, ते कळलं नाही.

रस्ता असा: लांबी ३१० मीटर, काँक्रीटची रुंदी ६ मीटर, दोन्ही अंगाला गटार. पश्चिमेचं तोंड बायपासच्या रस्त्याला, पूर्वेचं स्टेशन रोडला. मधे वळण नाही, दोरी लावून आखल्यासारखा सरळ. धुळ्यात १८१९ साली कॅप्टन ब्रिग्जने आखलेल्या पेठेतल्या गल्ल्या अशाच सरळ आहेत, पण तिथे दुकानं, हातगाड्या, माणसं, कुणाची टाप आहे वेगाने जायची. आपल्याकडे दुपारी तीनला रस्त्यावर एक कुत्रं झोपलेलं असतं, तेवढंच. तीन वर्षांपूर्वी डांबर उखडलेलं होतं तेव्हा सगळे हळूच जायचे. काँक्रीट झालं आणि बाजारपेठ टाळून स्टेशनला जाणाऱ्यांना हा रस्ता सापडला. त्या काँक्रीटसाठीचा अर्ज माझ्याच अक्षरातला आहे.

७ जानेवारी, मंगळवार

जुना ब्रेकर मोजला. देवळासमोर, पश्चिम टोकापासून ६० मीटरवर. रुंदी, म्हणजे गाडी जाते त्या दिशेने, ४६ सेंटिमीटर, उंची १४. कुणाच्या तरी स्लॅबचा उरलेला माल रात्रीतून ओतून झालेला. कुणाचा ते सगळ्यांना माहीत आहे, वहीत लिहायची गरज नाही. रंग नाही, फलक नाही. गटाराच्या कडेला दीड फूट जागा सुटलीय, दुचाक्या तिकडून सुळकन निघतात.

पाऊण तास शेजारी उभा राहिलो. मोटारी जवळजवळ थांबतात, एकेक चाक तिरपं चढवतात, पोट घासलं की काचेआडून शिवी दिसते. मग पुढच्या अडीचशे मीटरमध्ये राग काढतात. दूधवाला भाऊ थांबला. "अण्णा, हाई ब्रेकर शे का बांध शे? मना कॅनमाच लोनी निंघस."

एक गोष्ट कळली नाही. एक रिकामी पिकअप न थांबता भरधाव त्यावरून गेली. ठप्प असा एकच आवाज झाला, ड्रायव्हर हललाही नाही. हळू जाणाऱ्याला त्रास आणि जोरात जाणाऱ्याला माफ, असं कसं?

१२ जानेवारी, रविवार

मोजणीचा पट्टा आखला. १३५ ते १६५ मीटर, म्हणजे बरोबर ३० मीटर, दोन पांढऱ्या रेघा. ३० मीटरचा फायदा असा की १०८ ला सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर मिळतात. २.७ सेकंद म्हणजे ४०. ३.६ सेकंद म्हणजे ३०.

स्टॉपवॉचने दहा गाड्या मोजल्या. माझे आणि शाळेतल्या बाईंचे आकडे जुळेनात, एकाच गाडीला मी ४१ लिहिले, त्यांनी ३७. बोट दाबायला दोन दशांश सेकंद उशीर झाला तरी चाळिशीत तीन किलोमीटर इकडचे तिकडे होतात. पुतण्या जळगावला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीला आलाय. त्याने सांगितलं, गच्चीवरून मोबाइलने चित्रण करा आणि फ्रेम मोजा. सेकंदाला ३० फ्रेम. ३२४० भागिले फ्रेमची संख्या, झाला वेग. एखाददुसरी फ्रेम चुकली तरी अर्धा-एक किलोमीटरचा फरक.

त्यात दोन खोचा निघाल्या. अंधुक उजेडात मोबाइल आपणहून फ्रेम कमी करतो, म्हणून सकाळी साडेसातच्या आत मोजायचं नाही. आणि रेघ ओलांडली की नाही हे पुढच्या चाकाच्या जमिनीला टेकलेल्या जागेवरून बघायचं, हँडलवरून नाही. गच्चीवरून तिरपं दिसतं, हँडल आधीच पुढे गेल्यासारखं वाटतं.

१६ जानेवारी, गुरुवार

तीन दिवसांची मोजणी संपली: सोमवार, बुधवार, गुरुवार. सकाळी साडेसात ते साडेआठ, संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा (शेवटी शेवटी उजेड जेमतेम, तेवढ्या गाड्यांना व्हिडिओची वेळ धरली). संक्रांतीचा मंगळवार वगळला. त्या दिवशी रस्त्यावर पतंगाची पोरं होती, वाहनं नव्हती.

एकूण वाहनं ४८६. त्यात दुचाक्या ३७१. निम्मी वाहनं ३२ च्या खाली. शंभरातली पंच्याऐंशी वाहनं ज्या वेगाच्या आत बसतात तो वेग ४१. वाहतुकीचे लोक हाच आकडा धरतात, सरासरी धरत नाहीत. सरासरीत म्हातारबांची सायकल आणि पोरांची मोटारसायकल एकमेकांना खाऊन टाकतात. सगळ्यात जास्त वेग ५२ फ्रेमचा, म्हणजे ६२.

माझी स्वतःची स्कूटर ८८ फ्रेम. जवळपास ३७. मंगळवारी शपथेवर विचारलं असतं तर मी पंचवीस सांगितले असते.

१९ जानेवारी, रविवार

ओट्यावर पोराच्या लॅपटॉपवर चित्रण दाखवलं. चाळिसाच्या वरची ८१ वाहनं एकामागून एक. सुरुवातीला "हे बाहेरचे लोक, स्टेशनवाले, वाळूच्या ट्रॅक्टरवाले" असं चाललं होतं. बाराव्या-तेराव्या गाडीला कुणीतरी म्हणालं, ही तर आपल्या जिभाऊंची. मग ओळखायचा खेळच सुरू झाला. ८१ पैकी ४७ कॉलनीतल्याच निघाल्या. सगळ्यात मागे उभे असलेले आबा हसत म्हणाले, "भो, बठा आपलाच पोऱ्या शेतस." म्हणजे सगळी आपलीच पोरं. त्यानंतर गेटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

बाईंनी एक हिशेब फळ्यावर मांडला, तो इथे उतरवतो. समोर मूल दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरा, आणि साधारण चांगला ब्रेक. ताशी २५ ला गाडी थांबायला एकूण १५ मीटर लागतात. ताशी ४० ला २९ मीटर. म्हणजे पंचवीसवाली गाडी जिथे उभी राहिलेली असते त्या जागी चाळीसवाल्याने अजून ब्रेक दाबलेलासुद्धा नसतो. त्याचा पाय १७ व्या मीटरला पोहोचतो. हे ऐकून स्कूटीवाल्या पोराचे वडील उठून आत गेले. वाईट वाटलं, पण हिशेब चुकीचा नव्हता.

ते परत आल्यावर मीच लायसनचा विषय काढला. सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतची विनागिअर गाडीच चालवता येते, आपल्या स्कूटी त्याच्या दुप्पट. २०१९ च्या दुरुस्तीपासून अल्पवयीनाच्या हाती गाडी दिली तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. सगळे गप्प. क्लास गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, शहर बस नाही, बापाला दुकान सोडता येत नाही. कायदा सांगितला खरा, क्लासला पोरानं जायचं कसं हे मला सांगता आलं नाही.

२७ जानेवारी, सोमवार

रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची ९९ क्रमांकाची पुस्तिका पुतण्याने मिळवून दिली. मूळ १९८८ ची, नंतर २०१८ ला वाढवून काढलेली. गतिरोधकाचं माप असं: रुंदी ३.७ मीटर, मधली उंची १० सेंटिमीटर, वर्तुळाचा तुकडा, त्रिज्या १७ मीटर. हा ताशी २५ ने ओलांडायचा ब्रेकर. एकामागून एक असतील तर मधे १०० ते १२० मीटर. फलक ४० मीटर आधी.

पिकअपचं कोडं इथे सुटलं. आखूड उंचवट्यावरून जोरात गेलं तर चाक उडतं आणि परत टेकतं, तोवर स्प्रिंग धक्का गिळून टाकते. गाडीचं अंग वर उठायला वेळच मिळत नाही. हळू गेलं तर गाडी पूर्ण चढते आणि पूर्ण उतरते. लांब उंचवट्यावर उलटं होतं. अख्खी गाडी वर जाते, आणि जितका वेग जास्त तितकं बसलेल्याचं पोट जास्त हलतं. इंग्लंडच्या रस्ते प्रयोगशाळेत सत्तरच्या दशकात हेच तपासून बारा फूट लांब, चार इंच उंच असं माप ठरलं. आपलं ३.७ मीटर म्हणजे तेच बारा फूट.

म्हणजे आपला जुना ब्रेकर उंचीला जवळपास दीडपट आणि रुंदीला आठवा हिस्सा.

३ फेब्रुवारी, सोमवार

पालिकेत अर्ज दिला. सोबत मोजणीचा तक्ता, नकाशा, ६७ सह्या. सध्या नगरसेवक नाहीत, प्रशासक आहेत, त्यामुळे "आपल्या वॉर्डाचा माणूस" धरून काम करायची सोय नाही. माजी नगरसेवक सोबत आले, फोटोपुरते.

कुणीतरी सुचवलं होतं की दोन्ही टोकांना '२० किमी' लिहून टाकू. लिहिता येईल, पण त्याला जोर नाही. केंद्राच्या ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत पालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीला ७० आणि दुचाकीला ६० अशी कमाल मर्यादा आहे. त्याहून कमी ठेवायची तर राज्य सरकारने किंवा त्याने अधिकार दिलेल्यांनी रीतसर ठरवावी लागते. म्हणजे आपल्या गल्लीत बासष्टने गेलेली मोटारसायकलसुद्धा कागदावर जेमतेम दोन किलोमीटरनेच मर्यादेबाहेर होती. हे बाईंना सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसेना, अधिसूचना मोबाइलवर उघडून दाखवावी लागली.

१० फेब्रुवारी, सोमवार

पुतण्याचा प्रयोग. ठिबकच्या जुन्या १६ मिलिमीटरच्या दोन नळ्या रस्त्यावर आडव्या ठोकल्या, एक टोक बंद, दुसऱ्याला हवेचा दाब ओळखणारा सेन्सर. चाक गेलं की हवेचा ठोका. परदेशात रबरी नळ्यांनी असंच मोजतात. पहिले दोन तास झकास. मग उसाचा ट्रॅक्टर गेला आणि नळी चपटी झाली ती उठलीच नाही. बंद केलं. आपल्या जिल्ह्यात ठिबकच्या नळीचं कौतुक आहे, पण ती केळीच्या बुडाशी पडून राहण्यासाठीच.

२३ फेब्रुवारी, रविवार

परवानगी येईपर्यंत फुकटातला उपाय करून बघायचा. जुनी टायरं पांढरी रंगवून, त्यात माती आणि कडुनिंबाची रोपं, रस्त्याच्या एकदा डाव्या आणि एकदा उजव्या कडेला. सहा मीटरचा रस्ता त्या जागी साडेतीन मीटर. सरळ रस्ता नागमोडी झाला की वेग आपोआप उतरेल, असा विचार.

७ मार्च, शुक्रवार

टायरांची मोजणी. मोटारींचा पंच्याऐंशीचा आकडा ३३ वर आला, छान. दुचाक्यांचा ४१ चा ४०. बघायला गेलं तर सरळ आहे: दुचाकीला लागतो एक मीटर, तिला साडेतीन मीटर म्हणजे राजमार्ग. उलट पोरांना टायरांमधून झोके घेत जायची मजा वाटू लागली. आपल्याकडे चारातल्या तीन गाड्या दुचाक्या. रस्ता अरुंद करण्याचा उपाय मोटारींच्या गावाचा. आपल्याला चाकाखाली काहीतरी हवं.

१४ मार्च, धूलिवंदन

काल रात्री पाच टायरं होळीत गेली. रोपं काढून बाजूला नीट ठेवलेली होती, हे सांगायला हवं. प्रयोग संपला.

२१ मार्च, शुक्रवार

पत्र आलं. पुस्तिकेच्या मापाप्रमाणे दोन गतिरोधक, खर्च कॉलनीचा, देखरेख पालिकेच्या अभियंत्याची, जुना काढून टाकायचा. घरटी तीनशे रुपये ठरले. ज्यांनी सगळ्यात मोठ्याने ब्रेकर मागितला होता त्यांच्याकडे चार फेऱ्या झाल्या.

२५ मार्च, मंगळवार

जागा ठरवल्या. पश्चिमेपासून ९५ आणि २०५ मीटर. मधे ११० मीटर, टोकांना ९५ आणि १०५. कागदावर पाच मिनिटांचं काम, प्रत्यक्षात अख्खी संध्याकाळ. "ब्रेकर हवाच, पण माझ्या दारासमोर नको." ९५ ला अडचण नव्हती, तिथे रिकामा प्लॉट आहे. २०५ ला कोपऱ्यावरच्या काकांचं घर. त्यांचं म्हणणं रात्री रिकाम्या ट्रॉल्या आदळतील, झोप जाईल. मी म्हटलं, लांब ब्रेकर आहे काका, आदळणार नाही, तरंगत जाईल. पाच मीटर पुढे सरकवला असता तर एका घराचं फाटक अडत होतं, मागे घेतला असता तर नळाचा व्हॉल्व्ह. शेवटी २०५ च. काका काही बोलले नाहीत, खुर्ची उचलून आत गेले.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारून झाल्यावर फर्मा केला. प्लायवूडची पट्टी, बारा फुटांची, खालची कड गोलाईत कापलेली. मधल्या बिंदूपासून अंतर आणि उंची: मध्यावर १०, अर्ध्या मीटरवर ९.३, एक मीटरवर ७.१, दीड मीटरवर ३.४, टोकाला शून्य. सूत्र सोपं, मीटरमधल्या अंतराचा वर्ग भागिले ३४, येतील तेवढे मीटर दहा सेंटिमीटरमधून वजा.

मिस्तरी बघायला आला होता. फर्मा अंगणात आडवा पाहून म्हणाला, "अण्णा, बारा फूट? हाई ब्रेकर शे का वटा?" चार इंच उंचीला बारा फूट माल घालायचा हे त्याच्या मनाला काही पटेना. मी त्याला फर्म्याच्या बाजूने चाक लावलेली लहान ढकलगाडी चालवून दाखवली. नातवाची आहे.

१ एप्रिल, मंगळवार, रात्र

दुपारी ब्रेकर मशीनने जुना ब्रेकर फोडला, वीस मिनिटांत गेला. ज्याचा माल होता तो गृहस्थ मदतीला होता.

रात्री साडेनऊला ओतकाम. दिवसा चाळिशी पार आहे, माल ओतता ओतता सुकेल, म्हणून रात्र. आज दोन्ही ब्रेकरची उत्तरेकडची अर्धी बाजू, दक्षिणेकडून रहदारी चालू. जुनं काँक्रीट छिन्नीने खरवडून, धुऊन, सिमेंटचं पाणी मारून घेतलं. दोन्ही कडांना चार सेंटिमीटरची खाच कापली. कड शून्यावर आणली की ती पापडासारखी तुटते, खाचेत उतरवली की धरून राहते. अख्ख्या एका ब्रेकरला माल सव्वा घनमीटरच्या थोडा वर, सिमेंट अकरा पोती.

२ एप्रिल, बुधवार

सकाळी लेव्हल लावली. पहिला ठीक, मध्यावर ९.८. दुसरा १२.

कारण शोधलं. दुसऱ्याच्या पूर्वेच्या खाचेत एक खडा राहिला होता, फर्मा त्यावर टेकला, माणसं दमलेली, अडीच वाजलेले, कुणी वाकून पाहिलं नाही. 'कुणी' म्हणजे मी. फर्मा टेकला का बघायचं काम माझ्याकडे होतं. मिस्तरी म्हणाला, दोन सेंटिमीटर काय दिसतंय. दिसत नाही, पण जुन्या ब्रेकरला नावं ठेवायची आणि आपला बाराचा खपवायचा हे बरं नव्हे. उद्या रात्री फोडून पुन्हा. पाच पोती सिमेंटचे पैसे माझे.

३ ते १७ एप्रिल

दुसऱ्याची अर्धी बाजू तीन तारखेला रात्री पुन्हा ओतली. ९.९. पुढे रोजची नोंद एकच: गोणपाट ओलं आहे का. सकाळ, दुपार, रात्र. आपलं सिमेंट राखमिश्रित, त्यात हे ऊन, चौदा दिवस पाणी हवं. कॉलनीत पाणी चार दिवसांआड येतं. बायकांनी पाळी लावून कपडे खळबळल्याचं पाणी आणून टाकायची तयारी दाखवली. साबणाचं पाणी नको म्हणून सांगताना जिवावर आलं. बोअरवाल्या दोन घरांनी भागवलं. सतराला रात्री दोन्हींची दक्षिण बाजू ओतली, या वेळी बॅटरी घेऊन मी खाचेत डोकं घालूनच होतो.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय तृतीया)

चौदाऐवजी तेरा दिवसांत रस्ता खुला केला. माहेरवाशिणींच्या गाड्या सकाळपासून टोकाला उभ्या, कुणाला अडवणार? बोळातल्या निंबाला झोका बांधलाय. पहिली गाडी ब्रेकरवरून गेली तेव्हा झोक्यावरच्या पोरी झोका थांबवून बघत होत्या. गाडी मऊसर वर गेली, खाली आली. आतल्या माणसाला कळलं नसावं की त्याला कुणी मोजलंय.

५ मे, सोमवार

काळे-पांढरे पट्टे, रेडियमच्या पट्ट्या, दोन्ही बाजूंना ४० मीटर आधी फलक. गटाराकडे दोन्ही कडांना ३० सेंटिमीटर पाण्यासाठी सोडले आहेत, आणि तीन दिवसांत दुचाक्यांनी ती वाट शोधली. साधारण तिसरी गाडी तिथूनच. जुन्याचीच गत. कडेला जुन्या पाइपाचे कमरेएवढे खांब रोवले, रेडियम लावून. मोजणी आत्ता करत नाही. शाळा बंद, क्लास बंद, आकडा चांगला येईल आणि खोटा येईल.

२० जून, शुक्रवार

सोळाला शाळा सुरू झाल्या. अठरा, एकोणीस, वीस अशी तीन दिवस त्याच वेळांना, त्याच गच्चीवरून मोजणी.

वाहनं ४०२. दोन ब्रेकरच्या बरोबर मध्यावर पंच्याऐंशीचा आकडा २९. जानेवारीत ४१ होता. सगळ्यात जास्त ४६, तीच मोटारसायकल, तोच पोरगा, आता हेल्मेट आहे. चाळिसाच्या वर एकूण पाच.

आनंद करायला बसलो तोच मागच्या ओळीतले तिघे आले. आपली जी ऐंशीएक वाहनं कमी झाली त्यातली बरीच त्यांच्या गल्लीतून जातात म्हणे. ती गल्ली साडेचार मीटर रुंद, घरांच्या पायऱ्या थेट रस्त्यावर. उद्यापासून गच्ची बदलायची, त्यांच्याकडे रेघा मारायच्या. जानेवारीतच दोन्ही गल्ल्या मोजायला हव्या होत्या, तेव्हाचा आकडा आता कुठून आणणार?

२७ जून, शुक्रवार

रात्री दणकून पाऊस. दुसऱ्या ब्रेकरच्या पूर्वेला घोट्याइतकं पाणी. उतार पूर्वेकडून पश्चिमेकडे आहे, पाणी ब्रेकरला अडून कडेच्या फटीतून गटारात जायचं, पण फटीत पिशव्या आणि निंबाचा पाला. चारीला बांध घातला तर पाणी तुंबतं हे मला कुणी सांगायला हवं होतं का? चाळीस वर्षं तेच केलं. फटीवर लोखंडी जाळी टाकली, वरच्या अंगाला उथळ नाली कापली. जाळी साफ करायची पाळी माझ्याकडे.

४ ऑगस्ट, सोमवार

कानबाई देवीचं विसर्जन. डोक्यावर कानबाई घेऊन बाया वाजतगाजत याच रस्त्याने निघाल्या. मला धास्ती होती की पाय अडखळेल. कुणीही खाली पाहिलं नाही, चढाव पायाला जाणवण्याइतका नाहीच. देवळासमोर जुना ब्रेकर होता त्या जागी मात्र दोघी-तिघींनी सवयीने पाय उचलला.

मागच्या गल्लीची मोजणी झाली, पंच्याऐंशीचा आकडा ३४. अर्ज तयार आहे, सह्या चालू आहेत.

राहिलं काकांचं. त्यांचं खरं होतं, माझं खोटं. मोटार तरंगत जाते, रिकामी ट्रॉली नाही. पहाटे चारला ट्रॉलीचा फाळका ब्रेकरवर दणकन आपटतो, दोन वेळा, चढताना आणि उतरताना. मी दोन रात्री त्यांच्या ओट्यावर बसून ऐकलं. काँक्रीटला काही करता येत नाही, आवाज फाळक्याच्या साखळीचा आहे. ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या कापून ट्रॅक्टरवाल्यांना गाठतोय, फाळक्याच्या कोयंड्याला बांधायला. चार ट्रॉल्या झाल्या. पाचवीचा मालक पारोळ्याकडचा आहे म्हणतात, सापडत नाही. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू होतील, त्याआधी तो सापडायला हवा.